रोहा ते वीर, पाच उड्या!

तुमचं पिल्लू पाहुण्यांसमोर एक ते शंभर घडाघडा म्हणून दाखवतं? ग्रेट! आता त्याला म्हणा, ‘डब्यातले सात चिंचोके दे बरं.’ हातात सरळ मूठभर पडले, तर दचकू नका. आकडे पाठ असणं वेगळं आणि कळणं वेगळं. हा फरक वेळीच लक्षात आला नाही, तर ‘मला गणित जमतच नाही’ हे वाक्य पुढे घरात कायमचं मुक्कामाला येतं.

यावर माझा फेव्हरिट फंडा कोकण रेल्वेचा. आमचं गाव महाडजवळचं वीर. गाडीत मी पाच वर्षांच्या भाचीसोबत हाच पट मांडते. कागदावर सरळ रेषेत सहा घरं काढायची आणि त्यांत १ ते ६ आकडे लिहायचे : रोहा, कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड, वीर. सोंगटी रोह्याला ठेवायची. नाणं उडवायचं, छापा आला तर एक घर पुढे, काटा आला तर दोन. मात्र इंदापूरवरून दोन घरं जाताना ‘एक, दोन’ नाही, ‘चार, पाच’ म्हणायचं. शेवटी गुगली : स्टेशनं सहा, मग उड्या पाचच कशा?

हा निव्वळ टाइमपास नाही बरं का! गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या गरीब घरांतली चिमुरडी १ ते १० चा असाच पट खेळली. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटं, फक्त चार वेळा. त्यांची आकड्यांची समज वाढली. आकड्यांऐवजी रंगांचा पट खेळलेल्यांची मात्र नाही. कारण सोपं आहे : सरळ रेषेत आकडा जेवढा मोठा, तेवढी सोंगटी लांब जाते, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

आपल्या मराठीत आणखी एक गंमत आहे. ‘पंचवीस’ बोलताना पाच आधी, लिहिताना दोन आधी! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असंही वाचायला सुचवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! वाद बाजूला ठेवा. झाडूच्या दहा-दहा काड्यांना रबरबँड लावा. दोन जुड्या, पाच सुट्या. झाले पंचवीस!

महागडं किट हवंय कशाला? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत पानं, बिया, शंख-शिंपले यांचीच खेळणी केली होती. तुमच्याकडे नाणं आहे, कागद आहे. आज ऑफिसातून आल्यावर पंधरा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवा आणि पट मांडा!