रॅम भरली, रखवालदार पडला: दुकानातल्या सुरक्षा मशीनची मेमरी कशी तपासायची?



मागच्या व्हिडिओत आपण जुन्या डेस्कटॉपवर सुरिकाटा बसवून दुकानाच्या नेटवर्कवर नजर कशी ठेवायची ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला : "सर, मशीनची मेमरी ९० टक्क्यांच्या वर जाते. रॅम वाढवू का?"

थांबा. आधी माझं ऐका, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

कारंज्यात माझं ऑनलाइन फॉर्म-झेरॉक्सचं दुकान आहे. चार कॉम्प्युटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर आणि बाजूला ४ जीबी रॅमचं जुनं मशीन, त्यावर सुरिकाटा. एक दिवस सहज लॉग उघडला, तर शेवटची नोंद ११ दिवसांपूर्वीची! नेट मस्त चालू, गिऱ्हाईक खूश, कोणाला काही पत्ता नाही. रॅम संपल्यावर लिनक्सने सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोग्राम स्वतःच बंद केला होता. तो प्रोग्राम म्हणजे आपला रखवालदार. संत्र्याच्या बागेत जागल करणारा माणूस ११ रात्री घरी झोपला आणि मालक निवांत, असा प्रकार.

आपल्याकडे लोकांचे आधार, पॅन, बँक पासबुक येतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत मालवेअर घुसवून ९४ कोटींहून जास्त रक्कम काढली गेली. आपण बँक नाही, पण आपल्या काउंटरवर विश्वासाने दिलेला कागद असतो. म्हणून मुद्दा नीट समजून घ्या : मेमरी भरणं म्हणजे फक्त मशीन स्लो होणं नाही, पहारा गुपचूप बंद पडणं आहे. सुरिकाटा नुसता बघण्याच्या मोडवर असेल, तर तो बंद पडला तरी नेट चालूच राहतं. म्हणून कळत नाही.

पायरी १ : खरंच मेमरी भरली आहे का?

टर्मिनलमध्ये 'फ्री' कमांड द्या. 'यूज्ड' किंवा 'फ्री'चा आकडा बघून घाबरू नका, 'अव्हेलेबल' बघा. लिनक्स रिकामी रॅम फाईलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की सोडतो. काउंटर रिकामा आहे म्हणून त्यावर माल मांडून ठेवला, गिऱ्हाईक आलं की बाजूला सरकवला, तसंच. 'अव्हेलेबल' पुरेसं असेल, तर आजार नाहीच.

पायरी २ : खातं कोण?

'टॉप' कमांड उघडा आणि मेमरीनुसार क्रम लावा. मी लावला तेव्हा डोळे उघडले. मी सुरिकाटाला शिव्या घालत होतो, आणि त्याच मशीनवर रंगीत चार्ट दाखवणारा डॅशबोर्ड बसवला होता! त्याच्या मागे इलॅस्टिकसर्च चालतं, आणि ते सेटिंग बदललं नाही तर साधारण निम्मी रॅम स्वतःसाठी धरतं. ४ जीबीमधले २ तिथेच गेले. चार्ट छान दिसतात, पण छोट्या दुकानाला साधी लॉग फाईल पुरते. मी डॅशबोर्ड काढून टाकला.

पायरी ३ : नियम किती चालू आहेत?

सुरिकाटा येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाची हजारो नियमांशी तुलना करतो, आणि ते सगळे नियम मेमरीत असतात. तुमच्याकडे मेल सर्व्हर नाही, डेटाबेस सर्व्हर नाही, मग त्यांचे नियम काहून ठेवायचे? अपडेट टूलच्या 'डिसेबल' फाईलमध्ये ते गट टाका. मालवेअर, फिशिंग, ट्रोजनच्या नियमांना मात्र हात लावू नका.

पायरी ४ : भरते कधी?

माझी मेमरी रोज पहाटेच भरायची, दुकान बंद असताना. कारण होतं नियमांचं अपडेट. चालू स्थितीत नवे नियम घेताना सुरिकाटा जुना संच सोडत नाही. नवा तयार होईपर्यंत दोन्ही मेमरीत असतात, म्हणून वापर थोडा वेळ जवळपास दुप्पट होऊ शकतो. रॅम कमी असेल तर लाईव्ह रीलोडऐवजी पहाटे अपडेट करून सुरिकाटा सरळ रीस्टार्ट करा. थोडा वेळ पहारा नसेल, पण तेव्हा कॉम्प्युटरही बंद असतात.

पायरी ५ : मर्यादा बघा

सुरिकाटाच्या मुख्य सेटिंग फाईलमध्ये 'मेमकॅप' नावाच्या मर्यादा असतात. मूळ फाईलमध्ये साधारणपणे फ्लोसाठी १२८ एमबी, स्ट्रीमसाठी ६४ आणि रीअसेंब्लीसाठी २५६ एमबी असते. कोणाचा तरी व्हिडिओ बघून तुम्ही त्या जीबीमध्ये वाढवल्या असतील, तर परत आणा. उलट फार कमीही करू नका. मर्यादा संपली की सुरिकाटा काही कनेक्शन नीट तपासतच नाही. स्टॅट्स लॉगमध्ये 'मेमकॅप ड्रॉप' किंवा 'कर्नल ड्रॉप्स'चे आकडे वाढत असतील, तर रखवालदार जागा आहे पण त्याला दिसत नाही, असं समजा.

एका वेळी एकच बदल करा. सेटिंग टेस्ट करा, रीस्टार्ट करा, दोन दिवस बघा. चार बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

पायरी ६ : वही ठेवा

हो, कागदाची वही. सकाळी दुकान उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना सुरिकाटाची मेमरी लिहा. सुरुवातीला वाढून एका आकड्यावर स्थिरावली तर ठीक. गिऱ्हाईक असो-नसो, रोज वाढतच चालली, तर प्रोग्राममध्येच गळती असू शकते. मग व्हर्जन अपडेट करा. रोज रीस्टार्ट करणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं.

आणि एक, जागा करायची म्हणून लॉग पुसू नका. लॉग डिस्कवर असतात, ते पुसून रॅम मोकळी होत नाही. शिवाय सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या आणि सेवा देणाऱ्यांना १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलं आहे. आपणही तीच सवय लावलेली बरी. जुने लॉग कॉम्प्रेस करून ठेवा.

एवढं करून 'अव्हेलेबल' कमीच राहिलं, तर खुशाल रॅम घ्या. पण खर्च हा शेवटचा उपाय, पहिला नाही. धंद्यातही तेच असतं ना? भांडवल कमी पडलं की कर्ज काढायच्या आधी पैसा कुठे अडकला ते आपण बघतो.

माझं मशीन आजही त्याच ४ जीबीवर चालतं. आता सकाळी काउंटरवर बसलो की पहिलं काम : सुरिकाटा चालू आहे का आणि शेवटची नोंद आजची आहे का, ते बघणं. अर्धं मिनिट लागतं.

आजचा गृहपाठ : तुमच्या मशीनवरची शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे? आत्ता उठा आणि बघा. हेच काम नीट जमलं, तर गावातल्या इतर दुकानांची दरमहा तपासणी करून देणं हा तुमचा जोडधंदाही होऊ शकतो. दर कसा ठरवायचा, ते पुढच्या व्हिडिओत सांगतो.