ऑफिस गेलं, कॅन्टीन राहिलं

लंडनच्या हॅमरस्मिथ स्टेशनातून बाहेर पडायचं, पुलापर्यंत जायचं. पण पुलावर चढायचं नाही. खालच्या पायवाटेनं टेम्स उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं. इथे नदीला भरती-ओहोटी असते. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती, काठाला चिखल उघडा पडला होता आणि पलीकडे बार्न्सच्या बाजूला हॅरॉड्सच्या जुन्या गोदामाची भाजल्या विटेच्या रंगाची इमारत उभी होती. पुलापासून दहा-पंधरा मिनिटांवर ‘रिव्हर कॅफे’ येतं. नावात कॅफे आहे, पण कॉफी प्यायला कोणी इतकी पायपीट करत नाही.

ही जागा मुळात तेलाच्या कंपनीची गोदामं. पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरच्या दोन वास्तुविशारदांपैकी एक, रिचर्ड रॉजर्स, यांनी 1980च्या दशकात इथे आपलं ऑफिस थाटलं. ऑफिस आलं की दुपारच्या जेवणाचा प्रश्न आलाच. तो सोडवला त्यांच्या पत्नी रूथ रॉजर्स आणि त्यांची मैत्रीण रोझ ग्रे यांनी. साल 1987. दोघींपैकी एकीनंही स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं, इटालियन तर एकही नव्हती. रूथ अमेरिकन, रोझ इंग्रज. पण रोझ काही वर्षं टस्कनीत राहून आलेली आणि रिचर्ड यांचा जन्म फ्लॉरेन्सचा. म्हणजे रूथच्या हाताला इटलीचं वळण लागलं ते सासरहून.

सुरुवातीची परवानगी फक्त दुपारपुरती होती, तीही आवारात काम करणाऱ्यांसाठीच. बाहेरच्यांना दार हळूहळू उघडलं. रात्री अकराला गिऱ्हाइकांनी आवाराबाहेर असलं पाहिजे ही शेजाऱ्यांच्या झोपेसाठी घातलेली अट मात्र नंतरही सुटली नाही. म्हणून मला वाटतं, या जागेची खरी वेळ दुपारचीच. नदीकडची भिंत काचेची, त्यामुळे उजेड थेट ताटात येतो. भटारखाना पूर्ण उघडा, मधोमध गुलाबी रंगाची लाकडावर चालणारी भट्टी आणि भिंतीवर प्रकाशानं उमटवलेलं भलंमोठं घड्याळ. कॅन्टीनमध्ये घड्याळ हवंच, नाही का! वेटर मंडळी सकाळी भाज्या निवडायला बसतात, म्हणून कोणत्या पदार्थात काय आहे हे विचारलं की त्यांना आत पळावं लागत नाही.

मेनूचा कागद दिवसातून दोनदा बदलतो. कायम असतात ती भाजलेली माकुलं: सुरीनं आडव्या-उभ्या चिरा पाडून जाळीवर भाजलेली, वर बारीक चिरलेली लाल मिरची, रॉकेटची कडसर पानं, लिंबाची फोड. बस्स. कोकणातल्या माणसाला पहिल्या घासाला वाटेल, मसाला राहिला. दुसऱ्या घासाला त्याच्या लक्षात येईल की एरवी वाटणाखाली माकुलाची स्वतःची गोडी आपण झाकूनच टाकतो.

नोव्हेंबर होता म्हणून मी रिबोलिता मागवलं. शब्दाचा अर्थ ‘पुन्हा उकळलेलं’. शिळा पाव, पांढरा घेवडा, कांदा, गाजर, सेलरी आणि ‘काव्होलो नेरो’ म्हणजे टस्कनीचा लांब, काळपट पानांचा कोबी. या मंडळींनी इटलीहून बियाणं आणून असल्या भाज्या इंग्लंडात लावून घेतल्या. रस्सा इतका दाट की चमचा उभा राहावा. वरून नव्या हंगामाच्या ऑलिव्ह तेलाची धार. तेल हिरवंगार आणि घशाला मिरीसारखं झोंबणारं.

“मावशी, ही आपली फोडणीची पोळीच की!” माझी भाची म्हणाली.

होतीच. कालचं उरलेलं आज चविष्ट करण्याची गरिबाघरची युक्ती. फक्त इथे मुख्य पदार्थाची एक थाळी चाळीस पौंडांच्या वर जाते. गिरणगावात बायकांनी चालवलेल्या खाणावळी गिरण्यांबरोबर थकत गेल्या. इथलं कॅन्टीन मात्र असं वधारलं की ज्यांच्यासाठी ते निघालं, त्या ऑफिसातल्या नव्या पोराला महिन्यातून एकदाही परवडणार नाही. उत्तम माल आणि भरपूर माणसं लागली की पैसे लागतात, हे मला मान्य आहे. तरी शिळ्या पावाचं बिल चुकवताना हात किंचित अडखळलाच.

या भटारखान्यातून बाहेर पडलेल्यांची नावं लंडनभर सापडतात. जेमी ऑलिव्हर इथलाच. 1990च्या दशकात टीव्हीवाले या जागेवर कार्यक्रम करायला आले आणि मागे काम करणारा बडबड्या पोरगा कॅमेऱ्यानं उचलला. मिशलिनचा तारा त्याच दशकाच्या अखेरीचा. 2008 मध्ये आग लागली, काही महिने सगळं बंद राहिलं. 2010 मध्ये रोझ गेल्या. 2021 मध्ये रिचर्डही गेले. त्याआधीच त्यांच्या फर्मनं नदीकाठ सोडून, स्वतः उभारलेल्या लीडनहॉल इमारतीत बिऱ्हाड हलवलं होतं.

शेवटी ‘चॉकलेट नेमेसिस’ आला. या केकमध्ये मैद्याचा कण नाही. दहा अंडी, पाऊण किलोच्या जवळपास चॉकलेट, साखर आणि लोणी. 1995च्या त्यांच्या पाककृतींच्या पुस्तकात कृती छापली गेली आणि इंग्लंडातल्या कितीतरी घरांत तो बसला, फुटला, पातळ राहिला. नेमेसिस ही ग्रीकांची सूड उगवणारी देवी, तेव्हा नाव सार्थच म्हणायचं. आमच्या ताटलीतला मात्र व्यवस्थित उभा होता.

साडेतीन वाजले. शेजारची टेबलं रिकामी झाली, नवे कागद अंथरले जाऊ लागले. भाचीनं वेटरला विचारलं, रात्री आईबाबांना घेऊन आले तर रिबोलिता मिळेल का? त्यानं रात्रीचा ताजा मेनू आणून दाखवला. माकुलं होती, नेमेसिस होता. रिबोलिता नव्हतं.