मोठ्या यंत्राची वाट कोठे अडते?



आपल्या भिवपुरीच्या वीजघराला १९२२ पासून ठोकरवाडी धरणाचे पाणी मिळते. पाणी नळांतून घाट उतरते, चक्र फिरवते, आणि मग तारांवाटे वीज बाहेर पडते. नळात पाणी नसताना कोणी घरातला दिवा बदलत बसला, तर आपण त्याला हसू. आज ज्या यंत्राविषयी बोलायचे आहे, त्याच्यापाशी मात्र चांगली जाणती माणसेही हेच करतात.

हे यंत्र म्हणजे मेनफ्रेम. बँका, विमा कंपन्या यांचे हिशेब सांभाळणारा मोठा संगणक. लिनक्स ही कोणालाही वाचता व बदलता येणारी कार्यप्रणाली. ती मेनफ्रेमवर चालावी म्हणून लागणारा मजकूर आयबीएम कंपनीने १९९९ च्या डिसेंबरात खुला केला. आज एकाच यंत्राच्या पोटात, झेड-व्हीएम नावाच्या व्यवस्थापक प्रणालीच्या हाताखाली, शेकडो लिनक्स नांदू शकतात. त्यांतल्या एखाद्याचा बाहेरच्या जाळ्याशी संबंध तुटला, की रात्रपाळीच्या माणसाची झोप उडते.

घरच्या संगणकात तार खोचली की बहुधा काम भागते. येथे तसे नाही. येथे बाहेर बोलणारे ओएसए नावाचे कार्ड असते, आणि लिनक्सला ते एक वस्तू म्हणून दिसतच नाही. तीन निरनिराळे क्रमांक दिसतात: एक वाचण्याचा, एक लिहिण्याचा, एक प्रत्यक्ष माल वाहण्याचा. समजा ०६००, ०६०१ आणि ०६०२. वाचण्याचा क्रमांक सम आणि लिहिण्याचा त्याच्या लगतचा, असा शिरस्ता आहे. ह्या तिघांची मोट बांधून ती चालू केली, म्हणजे मग तिला नाव मिळते; आणि नाव मिळाल्यावरच आयपी पत्त्याचा प्रश्न उद्भवतो. पण पुष्कळ जण पहिला हात घालतात तो पत्त्यालाच! दोष तर दोन मजले खाली असतो.

म्हणून शोध खालून वर घ्यावा. जाळे बंद, तेव्हा दुरून आत शिरता येत नाही. यंत्राच्या स्वतःच्या कन्सोलवर बसावे लागते. तो पुष्कळदा ओळीओळीने चालतो, नेहमीचा व्हीआय संपादक तेथे चालत नाही, म्हणून जुन्या ईडी किंवा सेड ह्या आज्ञा येत असाव्यात. एलएस-सीएसएस ही आज्ञा दिली की कोणते क्रमांक दिसतात ते कळते. आपले तीन त्यांत नसतील, तर झेड-व्हीएमने ते ह्या लिनक्सला दिलेच नसतील, किंवा सीआयओ-इग्नोर नावाच्या दुर्लक्षाच्या यादीत ते पडले असतील. ही यादी फसवी असते. काही लिनक्स बसवतानाच, नको ती उपकरणे दिसू नयेत म्हणून, ती भरून ठेवतात.

क्रमांक दिसतात, पण मोट बांधलेली नाही, असे असेल तर झेडनेटकॉन्फ ही आज्ञा ती बांधते. मोट बांधली आहे, तर एलएस-क्यूईथ तिचे गुणधर्म सांगते, आणि त्यांत 'लेयर-दोन' ही नोंद डोळ्यांत तेल घालून पाहावी. झेड-व्हीएममधला काल्पनिक स्विच ईथरनेट पद्धतीचा असेल तर लिनक्सनेही लेयर-दोनच धरला पाहिजे. आयपी पद्धतीचा असेल तर लेयर-तीन. दोघांची भाषा जुळली नाही तर संभाषण होत नाही. आणि ही नोंद मोट चालू असताना बदलता येत नाही. आधी बंद करावी लागते. त्या स्विचला जोडून घेण्याची परवानगी ह्या लिनक्सला दिली आहे का, हेही तेथल्या व्यवस्थापकाला विचारावे.

एका गोष्टीवर मला थोडे थांबायचे आहे. झेडनेटकॉन्फने केलेली जोडणी यंत्र पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही. ती कायम करायची तर सीएचझेडडेव्ह वापरून वेगळी नोंद ठेवावी लागते. एका ठिकाणी दिवसपाळीच्या तज्ज्ञाने घाईत जोडणी करून दिली, नोंद केली नाही. पुढे रात्री यंत्र पुन्हा सुरू झाले, जाळे आले नाही, आणि कागद हाती पडला तो कंत्राटी रात्रपाळीवाल्याच्या! चौकशीत आम्ही एकच प्रश्न धरून बसलो: कोणती पायरी अडली ते आधी लिहून द्या, मग माणसाचे नाव लिहा. पायरी लिहिताच कागद मागे घ्यावा लागला. कामगाराला आज्ञा पाठ असाव्यात असे मी म्हणतो, ते केवळ कामासाठी नव्हे.

नावाचीही एक गंमत आहे. पूर्वी जोडणीला ईथ-शून्य म्हणत; नव्या लिनक्समध्ये तीच ईएनसी-६०० अशी क्रमांकावरून ओळखली जाते. प्रणाली नवी केली आणि जुन्या नावाची नोंदवही तशीच राहिली, तर मोट धडधाकट असूनही पत्ता मिळत नाही.

हे सर्व ठीक असेल, तेव्हा पत्ता, मास्क आणि दरवाजाचा क्रमांक तपासावा, व पिंग आज्ञेने दरवाजाला हाक मारावी. दरवाजा ओ देतो आणि पुढचे कोणी बोलत नाही, तर दोष बहुधा यंत्राबाहेर आहे. जाळेवाल्यांना दूरध्वनी करावा, तिन्ही क्रमांक, लेयर आणि पत्ता लिहिलेला कागद समोर ठेवून.