मोठी रजिस्टरे आणि जुना करार



आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तेथे रजिस्टर म्हणजे हजेरीचे पुस्तक. संगणकाच्या प्रोसेसरमधले रजिस्टर निराळे; चालू हिशेबातले आकडे क्षणभर ठेवण्याची ती अगदी हाताजवळची जागा होय.

एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक चालविणारा जो कारभारी, त्याला हायपरव्हायजर म्हणतात. केव्हीएम नावाचा असा कारभारी २००७ साली लिनक्समध्ये दाखल झाला. चालू असलेला आभासी संगणक एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवावयाचा, तर त्याची रजिस्टरे जशीच्या तशी उतरवून घ्यावी लागतात. एखादे राहिले तरी अर्ध्यावरचा हिशेब बिघडतो. ही उतरवून घेण्याची मागणी वरचा प्रोग्रॅम केव्हीएमकडे ठराविक नमुन्यात करतो, आणि त्या नमुन्यात ४०९६ बाइटांचीच जागा नेमलेली होती.

पुढे इंटेलने एएमएक्स आणले. त्यात आठ मोठी रजिस्टरे, प्रत्येकी १०२४ बाइटांचे. म्हणजे एकूण ८१९२ बाइट. ती त्या पेटीत मावणार कशी?

पेटीच मोठी करावी, असे कोणीही म्हणेल. पण जुने प्रोग्रॅम ४०९६ बाइटांचीच जागा राखून बसलेले. त्यात जास्त ओतले तर ते शेजारच्या मेमरीवर सांडेल, आणि कालपर्यंत बिनचूक चालणारा प्रोग्रॅम काही अपराध नसताना कोसळेल.

२०२२ साली लिनक्स ५.१७ मध्ये यावर तोड निघाली. जुनी मागणी तशीच ठेवून शेजारी नवी दिली गेली. नवा प्रोग्रॅम आधी विचारतो, 'जागा किती लागेल?' उत्तर ४०९६ हून कमी कधीच येत नाही. अधिक येते ते मोठ्या रजिस्टरांची परवानगी आधी स्पष्ट मागितली असेल तरच. मग तेवढी जागा राखून तो रजिस्टरे घेतो. ज्याने परवानगी मागितली नाही, त्याच्या आभासी संगणकाला ही रजिस्टरे मिळतच नाहीत. म्हणून ती हरवण्याचा प्रश्नही उरत नाही.

हे वाचून आम्हाला आमचीच चूक आठवली. नव्या वेतनश्रेणीच्या घाईत एकदा जुन्या बदली कामगारांचे कलम आमच्या हातून सुटले. सही झाल्यावर त्यांच्या दारी जाऊन काय सांगावे, ते आम्हाला सुचेना. नव्याला जागा हवीच. पण ती त्याने आधी मागावी, मोजून घ्यावी, आणि जुन्याला दिलेला शब्द मोडू नये. करार असाच लिहावा लागतो, मग तो माणसांचा असो की यंत्रांचा.