रंग पाण्यातला, तरी मास्क हवाच!

गाडी रंगवताना येणारा उग्र वास प्रामुख्याने थिनरचा. त्याची वाफ फुफ्फुसांना आणि हवेलाही घातक. म्हणून युरोपीय संघाने २००७ पासून गाड्यांच्या रंगातील अशा वाफाळ घटकांवर लिटरला ४२० ग्रॅमची मर्यादा घातली. तिथली गॅरेजेस पाण्यातील रंगांकडे वळली.

अडचण काय?
पाणी दमट हवेत लवकर सुकत नाही. त्यामुळे बूथमध्ये कोरड्या हवेचा झोत आणि न गंजणारी स्प्रे गन लागते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर हे आलेच.

धोका संपला?
नाही. वरचा चकाकीचा क्लिअर कोट बहुधा पाण्यातला नसतो. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. वास कमी झाला, तरी रंगाऱ्याला बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवाच.