गळती की टोकन?

यवतमाळ जिल्हा कापसाचा. हंगामात बाजाराच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, की गर्दी म्हणजे काय हे इथल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. पण घरातल्या इंटरनेटच्या तारेतही अशीच रांग लागते, आणि तिथेही फाटकावर पोलीस असतो. मी मराठीचा मास्तर. तरी त्याची हकिगत मला मोठी मौजेची वाटली.

तारेवरून मजकूर लहान लहान पुडक्यांनी जातो. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत, बर्कली येथे, अवघ्या चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० वर आला! पुडके पोचले नाही की धाडणारा तेच पुन्हा धाडी, आणि गर्दीत भरच पडे. पुढे धाडणाऱ्या यंत्रांना हात आखडता घ्यायला शिकवले. पण सगळेच काही शहाणे नसतात; म्हणून पोलीस.

त्याच्या दोन रीती. पहिली शंकराच्या पिंडीवरच्या गळतीसारखी. वरून घागर ओता की तांब्या, खाली धार तेवढीच. पात्र भरले की वरचे पाणी सांडते. दुसरी टोकनांची. समजा, दर सेकंदाला दहा टोकने थैलीत पडतात आणि थैलीत मावतात पन्नास. जो गप्प बसला, त्याची थैली भरते. मग त्याची पन्नास पुडकी एकदम सुटतात. गळतीतून त्यांना पाच सेकंद लागले असते. साठ आणली, तर मात्र वरची दहा अडतात.

अडलेल्यांचे काय करायचे? कडक पोलीस ती फेकून देतो. मवाळ पोलीस थांबवून ठेवतो. टेलिफोनवरचे बोलणे थांबवून उपयोग नाही. उशिरा आलेला शब्द वायाच. पत्राला मात्र उशीर चालतो, गहाळ होणे चालत नाही. म्हणून कोणती रीत चांगली, हे माल पाहूनच ठरवावे. घरच्या वापराला मला टोकनच न्याय्य वाटते: आपण सदोदित थोडे मागत नाही, अधूनमधून पुष्कळ मागतो.

एक भेद मात्र विसरू नये. फेकलेल्या पुडक्याची नक्कल धाडणाऱ्यापाशी असते. फाटकावरून परतवलेल्या कास्तकाराला गाडीभाडे दुसऱ्यांदा भरावे लागते. त्याला टोकन द्यायचे, तर ते गाडी घरून निघण्यापूर्वीच दिले पाहिजे.