माझी जागल

आमच्या वर्धा जिल्ह्यात पीक हाताशी आले, की शेतकरी रात्री शेतात जागलीला जातो. माझे आजोबाही जात. मचाणावर कंदील, जवळ काठी, आणि रानडुकरांची चाहूल लागली की आरोळी! मी संगणकाच्या जाळ्यांची आणि त्यांतल्या माहितीची राखण करणारा इंजिनिअर. "म्हणजे नक्की काय?" असे आईने विचारले, तेव्हा मी म्हणालो, "आजोबा करत तेच. मचाणाऐवजी खुर्ची, एवढाच फरक." आईला ते पटले.

या जागलीत एक गंमत आहे. चोर आलाच नाही, तर लोक म्हणतात, याला फुकट पगार कशाला? आणि आला, तर म्हणतात, हा झोपला होता काय?

चोर येतो तोही नेमका सुटीचा दिवस पाहून. पुण्याच्या कॉसमॉस बँकेची हकीकत पुष्कळांना आठवत असेल. 11 ऑगस्ट 2018, दुसरा शनिवार. आपण एटीएममध्ये कार्ड घातले, की ते यंत्र ‘स्विच’ नावाच्या मधल्या संगणकामार्फत बँकेला विचारते, "या गृहस्थांच्या खात्यात एवढे पैसे आहेत काय?" बँक ‘हो’ म्हणाली, की नोटा बाहेर पडतात. चोरांनी मध्ये आपला खोटा स्विच बसवला. तो बँकेला काही विचारीतच नसे. स्वतःच ‘हो’ म्हणून मोकळा होई! बनावट कार्डांनी 28 देशांतून काही तासांत सुमारे 78 कोटी रुपये निघाले, देशातून अडीच कोटी. 13 तारखेला आणखी सुमारे 14 कोटी हाँगकाँगला रवाना झाले. 2023 साली पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा ठोठावली.

मधल्याच्या ‘हो’वर विसंबू नये, हा धडा घेऊन मी आमच्या जिल्ह्यातल्या एका छोट्या पतसंस्थेत गेलो. पाहतो तो सगळ्या कारकुनांचा मिळून एकच पासवर्ड, आणि तोही कॅलेंडरच्या मागे लिहिलेला! मी नियम सांगितले: प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, मोठ्या रकमेला दोघांची मंजुरी, आणि फोनवर कोणी काही मागितले, तर फोन ठेवून वहीतल्या नंबरावर आपण उलट फोन करायचा.

वृद्ध व्यवस्थापक दुखावले. "बाबू, तीस वर्षं झाले, एका पैशाची गडबड नाही. आता तुले आमचा भरोसा नाही का?"

मी त्यांना जवळच्या सेवाग्रामची आठवण दिली. बापू 1936 साली तिथे राहायला आले. माणसांवर त्यांच्याइतका विश्वास कोणी टाकला? पण सार्वजनिक पैशाच्या पै-पैचा हिशेब ते मागत आणि स्वतःही देत. "काकाजी, हिशेब मागणं म्हणजे अविश्वास थोडाच आहे?"

काकाजी काही बोलले नाहीत.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी अंगणात पणत्या लावीत होतो. फोन वाजला. काकाजीच!

"बाबू, आत्ता तूच बोलला होता का? म्हणे, यंत्रात बिघाड आहे, लवकर पासवर्ड सांगा. आवाज तर तुह्यासारखाच वाटला."

माझ्या छातीत धस्स झाले. सोयाबीनचे पैसे नुकतेच संस्थेत जमा झालेले. कित्येक घरांची वर्षाची मिळकत! "मग? सांगितला तुम्ही?"

"नाही ना! फोन ठेवला, वही काढली, अन् तुलेच लावला. तूच तर सांगितलं होतं!"

वाचकहो, ही वही तुमच्याही घरात असू द्या. बँकेचे, मुलाचे, जावयाचे खरे नंबर त्यात लिहून ठेवा. घाई करणारा फोन आला, की आधी तो ठेवा. आणि फसलातच, तर लाजून बसू नका. ताबडतोब 1930 या नंबरावर कळवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. वेळेवर कळले तर वाटेत अडवता येतो.

त्या रात्री मी संस्थेच्या संगणकातल्या नोंदी पहाटेपर्यंत चाळीत बसलो. काहीही घडले नाही. आमच्या धंद्यात याहून गोड फराळ नाही.